कोच आउट की मालक आउट? ब्लॅकबर्न आणि मँचेस्टर युनायटेड शेजारी ठेवून बघू

टीम लागोपाठ हरायला लागली की दोन घोषणा तयारच असतात, एक कोचच्या नावाची, एक मालकाच्या नावाची, आणि बहुतेक पब्लिक दोन्ही एका दमात देऊन मोकळं होतं. पण खरंच ठरवायचं असेल की शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या आणि त्याचा काही उपयोग तरी आहे का, तर इंग्लंडमधले दोन क्लब शेजारी ठेवून बघा. एक मँचेस्टर युनायटेड, जो आपल्याकडे निम्म्या पोरांचा क्लब आहे. दुसरा तिथून गाडीने तासाभरावरचा ब्लॅकबर्न रोव्हर्स, ज्याचे मालक थेट पुण्याचे, वेंकीज, हो हो तेच चिकनवाले. गंमत म्हणजे या दोन मालकांचा उद्योग एकदम उलटा आहे. युनायटेडच्या ग्लेझर घराण्याने क्लबमधून पैसा बाहेर नेला, वेंकीजने स्वतःच्या खिशातला आत ओतला, आणि दोन्हीकडचे फॅन्स मालकाच्या नावाने सारखेच बोंबलतायत.

आधी ब्लॅकबर्न घेऊ, कारण पुण्यात राहून पण ही स्टोरी लोकांना नीट माहीत नसते. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं गाव, क्लब १८७५ चा, आणि १९९५ ला हे लोक चक्क प्रीमियर लीग जिंकले. जॅक वॉकर नावाचा गावचाच स्टीलवाला शेठ, त्याने पैसा लावला, केनी डाल्ग्लिश मॅनेजर, आणि ॲलन शिअररने त्या एका सीझनमध्ये ३४ गोल मारले. वॉकर २००० मध्ये गेला, मग त्याच्या ट्रस्टने क्लब सांभाळला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये २ कोटी ३० लाख पौंडांना वेंकीजला विकला. तेव्हा मॅनेजर होता सॅम अ‍ॅलरडाइस, फुटबॉल बघायला कंटाळवाणं पण टीम तेराव्या नंबरवर, म्हणजे ब्लॅकबर्नसारख्या क्लबने देवाचे आभार मानावेत अशी जागा. डिसेंबरमध्ये त्याला काढला. त्याच्या जागी कोण तर स्टीव्ह कीन, जो आधी कुठेच मॅनेजर नव्हता, तिथेच कोच होता, उचलून बसवला वर. दुसरीकडे रोनाल्डिन्योला आणायच्या गप्पा चालू. फेब्रुवारीत जॉन विल्यम्ससारखा जाणता चेअरमन निघून गेला, उन्हाळ्यात फिल जोन्स युनायटेडला विकला, पुढच्या सीझनच्या मध्यावर ख्रिस सांबा रशियाला. ऑक्टोबर २०११ मध्ये अख्खी टीम पुण्यात आणून बालेवाडीला पुणे एफसीशी प्रदर्शनी मॅच खेळवली, तेव्हा तिकडे टेबलमध्ये तळाच्या तिघांत होते हे.

आता कीनचं काय? माणूस वाईट नव्हता, पण हरल्यावर येऊन हसतमुखाने आज बऱ्याच चांगल्या गोष्टी दिसल्या वगैरे सांगायचा ना, त्याने लोकांचं डोकं फिरायचं. डिसेंबर २०११ मध्ये बोल्टनकडून घरच्या मैदानावर हरले तेव्हा स्टेडियममध्ये त्याच्या नावाने जे काही झालं ते बघवत नव्हतं, आणि त्यानंतर दहा-अकरा दिवसांत, ३१ डिसेंबरला, युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन याच्या सत्तराव्या वाढदिवशी, हाच कीन ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन युनायटेडला ३-२ ने हरवून आला! फुटबॉल असंच असतं राव. पण एका मॅचने काय होतंय, ७ मे २०१२ ला विगनकडून १-० हरले आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेले, अकरा वर्षं टॉप डिव्हिजनमध्ये काढल्यावर. त्या मॅचमध्ये कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. बघा, शिट्ट्या वर्षभर कोचला आणि कोंबडी मालकाला, म्हणजे लोकांना मनातून माहीत होतंच की खरा पत्ता कुठला आहे ते.

कीन सप्टेंबर २०१२ मध्ये गेला. लोकांना पाहिजे होतं ते मिळालं एकदाचं. मग? हेनिंग बर्ग आला, ५७ दिवस. मायकल अ‍ॅपलटन आला, ६७ दिवस. सगळं एकाच सीझनमध्ये. २०१७ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेले, प्रीमियर लीग जिंकून तिथवर घसरलेला पहिलाच क्लब. एका वर्षात वर आले ते टोनी मोब्रेमुळे, आणि मोब्रेला पाच वर्षं दिली हे मालकांच्या बाजूने मांडायलाच पाहिजे. पैशाचं पण मांडायला पाहिजे, आजपर्यंत २० कोटी पौंडांच्या वर टाकलेत त्यांनी, तो क्लब स्वतःच्या कमाईवर चालूच शकत नाही. नंतर तर भारतातल्या एका केसमुळे तिकडे पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी लागायला लागली, अ‍ॅडम व्हार्टनसारखा घरचा पोरगा विकला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये टीम वरच्या डिव्हिजनमध्ये जायच्या प्लेऑफच्या जागेवर असताना कोच जॉन युस्टेस उठून डर्बीला गेला, जी तेव्हा खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या भीतीत होती. वरच्या टीमचा कोच स्वतःहून खालच्या टीमकडे जातो, यावरून वरच्या मजल्याचं काय ते ओळखा.

आता युनायटेड. २००५ मध्ये ग्लेझरने साधारण ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातला मोठा भाग कर्ज काढून, आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर, ज्याच्यावर तोपर्यंत कर्जच नव्हतं. म्हणजे घर विकत घ्यायचं आणि हप्ते भाडेकरूने भरायचे. तेव्हापासून व्याज, परतफेड, डिव्हिडंड वगैरे मिळून एक अब्ज पौंडांच्या वर पैसा गेला. पण २०१३ पर्यंत कुणाला फार टोचलं नाही, कारण फर्ग्युसनने त्याच मालकांच्या हाताखाली पाच लीग आणि एक चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. (काही लोकांना टोचलं होतं हं, त्यांनी २००५ मध्येच एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा वेगळा क्लब काढला, आणि २०१० मध्ये निषेध म्हणून हिरवे-पिवळे मफलर घालून बसायचे. आपण तेव्हा त्यांना येडे समजायचो.)

फर्ग्युसन गेला आणि मग मॉइज, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, अमोरिम. मध्ये रांगनिक तात्पुरता, जो म्हणाला की इथे वरवरची मलमपट्टी चालणार नाही, ओपन हार्ट सर्जरी पाहिजे, आणि त्यालाच घरी पाठवलं. या यादीत एकासारखा दुसरा माणूस नाही. मोरिन्योला बचाव आवडतो, व्हॅन गालला बॉल ताब्यात ठेवायला आवडतो, अमोरिम मागे तीनच डिफेंडर ठेवायचा म्हणजे ठेवायचाच. प्रत्येकासाठी वेगळे प्लेअर घेतले आणि पुढच्याने ते अडगळीत टाकले. पोग्बा, मॅग्वायर, सांचो, अँटनी, नुसती किंमत वाचली तरी चक्कर येते.

पण म्हणून कोच लोकांना क्लीन चिट द्यायची का? मी देणार नाही. अँटनी हा टेन हागचाच हट्ट होता, आयाक्सपासून ओळखीचा म्हणून, आणि त्याच्यावर ऐंशी मिलियन पौंडांच्या वर उडवले. अमोरिमने सीझनच्या मध्यात येऊन, त्या सिस्टिमला लागणारे प्लेअर नसताना सिस्टिम बदलली नाही ती नाहीच, २०२४-२५ ला ४२ पॉइंट, पंधरावा नंबर, १८ पराभव, आणि वर युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून १-० हरले. याला काही मालकाने सांगितलं नव्हतं.

मग ठरवायचं कसं? माझा साधा हिशोब सांगतो. आधी बघा की तेच दुखणं कितव्या कोचच्या हाताखाली चालू आहे. पहिला असेल तर कोचवर संशय घ्या, तिसरा-चौथा असेल तर मान वर करून बघा. अ‍ॅस्टन व्हिला घ्या, ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरार्डला काढला, उनाई एमरी आणला, तेच मालक, बरीचशी तीच टीम, त्या सीझनला सातवे आणि पुढच्याला चौथे. तिथे दोष सरळ सरळ कोचचा होता आणि कोच आउट म्हणणारे बरोबर होते. आणि आर्सेनल उलटं, अर्टेटाच्या हाताखाली दोनदा आठवे आले, २०२१-२२ च्या पहिल्या तिन्ही मॅच हरून टेबलच्या तळाला, अर्धं जग त्याला हाकला म्हणत होतं, पण मालक क्रोंके, ज्याला फॅन्सनी कमी शिव्या घातल्या नव्हत्या, तो थांबला. पुढे सलग तीन सीझन दुसरा नंबर. त्या तिन्ही वेळी जिंकले नाहीत म्हणून हसायचं तर हसा, पण पंधराव्यापेक्षा बरंच आहे ना!

दुसरं म्हणजे कोच निवडला कुणी आणि त्याला प्लेअर कोण घेऊन देतं. कीनला कीनने स्वतः नेमलं नव्हतं. तिशी-चाळिशीतल्या एखाद्या कोचला तुम्ही म्हणालात प्रीमियर लीग सांभाळतोस का, तर तो काय नाही म्हणणारे? आपण पण नसतं म्हटलं. त्यामुळे ब्लॅकबर्नच्या बाबतीत माझं मत क्लिअर आहे, कोचवरचा राग समजण्यासारखा पण वाया गेलेला. वेंकीजचा गुन्हा कंजूषपणा नव्हता, माहीत नसलेल्या धंद्यात जाणत्या लोकांना बाजूला सारलं हा होता. आणि खरं सांगू, मला तो ग्लेझरपेक्षा माफ करण्यासारखा वाटतो, कारण पैसा टाकणाऱ्या माणसाला शहाणं करता येतं, मोब्रेच्या वेळी काही वर्षं झालं पण होतं. पैसा काढणारा शहाणाच असतो, तो त्याच्या हिशोबाने बरोबरच वागतोय.

युनायटेडमध्ये आता अजून एक गुंता आहे. फेब्रुवारी २०२४ पासून उद्योगपती जिम रॅटक्लिफकडे पाव हिश्शाच्या वर मालकी आणि फुटबॉलचे सगळे निर्णय आहेत. या लोकांनी टेन हागचं कॉन्ट्रॅक्ट जुलै २०२४ मध्ये वाढवलं आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढला, म्हणजे भरपाई देऊन. स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून डॅन अ‍ॅशवर्थला मोठ्या कौतुकाने आणला, पाच महिन्यांत घरी. आणि त्याच वेळी खर्च कमी करायचा म्हणून शेकडो कर्मचारी काढले, स्टाफचं फुकट जेवण बंद, सीझनच्या मध्यात मेंबरचं तिकीट सरसकट ६६ पौंड, लहान पोरं आणि म्हातारे धरून. ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर तर मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर अक्षरशः धबधब्यासारखं गळत होतं. त्यामुळे नुसतं ग्लेझर आउट लिहिलेला बोर्ड आता अर्धवट आहे, दुसरं नाव पण टाका.

मालक बदलला की सुटलो असंही समजू नका. न्यूकॅसलवाले मालक माईक अ‍ॅशलीला वर्षानुवर्षं जा म्हणत होते, तो गेला २०२१ मध्ये, सौदीचं गिऱ्हाईक मिळालं तेव्हा. मग २०२५ ला लीग कप मिळाला, १९५५ नंतरची इंग्लंडमधली पहिली मोठी ट्रॉफी, पण पैसा कुणाचा हा प्रश्न तिथले काही फॅन्स अजून गिळतायत. चेल्सीला नवे मालक मिळाले, पहिल्याच सीझनला कोच टुखेलला काढला आणि बारावे आले.

म्हणून मालकाकडे नुसतं निघून जा मागण्यापेक्षा एखादी ठरावीक गोष्ट मागितली तर जास्त चान्स असतो. सुपर लीग आठवा, बड्या क्लबांनी स्वतःपुरती काढलेली वेगळी लीग, एप्रिल २०२१, रविवारी जाहीर केली, फॅन्स भडकले, मंगळवारी त्यातले इंग्लंडचे सगळे क्लब शेपूट घालून बाहेर. पुढच्या महिन्यात फॅन्स ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले, लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलावी लागली, पण ग्लेझर काही गेले नाहीत.

आपल्यासारख्यांनी, जे रात्री साडेबाराला हेडफोन लावून बघतात आणि सकाळी लोकल किंवा बस पकडतात, त्यांनी काय करायचं? आपल्या हातात फक्त खरेदी आहे. चार-पाच हजारांची ओरिजिनल जर्सी घेऊन तीच घालून ग्लेझरला शिव्या देण्यात काही अर्थ नाही, त्यापेक्षा कॅम्पात फॅशन स्ट्रीटवर मिळते ती घातलेली बरी (हे मी बोललो नाही). नवा कोच आला की त्याला दोन ट्रान्सफर विंडो (प्लेअर घ्यायचा-विकायचा ठरलेला काळ) होईपर्यंत सोडा, तोपर्यंत सगळा माल वरच्या मजल्यावर पाठवा. अपवाद एकच, ऑगस्ट २०२५ मधल्या युनायटेडसारखं चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीकडून पेनल्टीवर हरलात तर त्या रात्री कोच, मालक, गोलकीपर, ज्याला वाटेल त्याला बोला, हिशोब सकाळी करू.