पिकअपच्या केबिनला डॅम्पिंग शीट : साडेअकरा हजारांत काय मिळालं

मी ओतूरकडचा. रात्री टोमॅटो नाहीतर कोथिंबीर भरायची, माळशेज उतरायचा, कल्याणवरून वाशी मार्केट गाठायचं आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन परत यायचं. माल भरलेला असला की गाडी गपगुमान चालते. रिकामी झाली की हौदा, पत्रा, दारं, सगळंच बोलायला लागतं. घरी आल्यावर तासभर मी ओरडूनच बोलतो. मंडळी म्हणतात, "अहो, मार्केटातून आलात ना? मग हळू बोला."

म्हणून मे महिन्यात भोसरीतल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात केबिनला डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट, मारून घेतली. बुटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली, २ मिलिमीटर जाडीची. मजुरी धरून साडेअकरा हजार. सकाळी दहाला गाडी लावली, सुटायला संध्याकाळचे सात वाजले.

गल्ल्यावरच्या माणसाचं म्हणणं एकच, "साहेब, एक इंचही मोकळा सोडायचा नाही." तो विकणार चौरस फुटावर, म्हणजे तो असंच म्हणणार. पण काम करणारे चाचा जुने निघाले. सीट काढली, मॅट उचललं, दाराचे पॅड खोलले आणि पत्र्यावर बोटाने टकटक करत बसले. जिथे 'ठण्ण' वाजेल तिथेच शीट. मधोमध मोठा तुकडा, कडेला नुसता पत्रा. मला म्हणाले, पत्रा थरथरतो तो मधे, कडेला त्याला घडी आणि वेल्डिंगने आधीच धरलेलं असतं. शीट लावल्यावर पुन्हा टकटक केली तर 'ठप्प'. लाकडी फळीवर वाजवल्यासारखं. त्या एका आवाजावर माझे निम्मे पैसे वसूल झाले. शीट थोडी उरली, तिचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

पत्रा थिनरने पुसून, हीट गनने शीट गरम करून, रोलरने दाबून बसवली की हे काम टिकतं. पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत चाचा रोलर मारत होते. घरी करणार असाल तर हातमोजे घाला, त्या पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते. स्वस्तातली काळी डांबरी शीट मात्र घेऊ नका. आमच्या गावात एकाने लावली होती, पहिल्याच उन्हाळ्यात केबिनमध्ये नव्या रस्त्याचा वास. वजनाचं विचाराल तर माझ्या गाडीत सगळी मिळून पंधरा-सोळा किलो बसली, टोमॅटोच्या एका क्रेटपेक्षा कमी.

आता फरक. मोबाइलच्या ॲपवर ताशी ६० ला आधी ८२ डेसिबल दाखवत होतं, नंतर ७७. मोबाइलचं मोजमाप कच्चंच, पण फोन एकाच जागी, त्याच रस्त्यावर आणि दोन्ही वेळा गाडी रिकामी. आकडा पाचचा दिसतो, पण डेसिबलमध्ये ३ कमी झाले म्हणजे आवाजाची ताकद निम्म्यावर येते. कानाला काय कळलं, तर डोक्यात घुमणारा ढणढणाट गेला. खड्ड्यातून जाताना दार डब्यासारखं वाजत नाही, आणि ते लावताना 'धप्प' असा भारदस्त आवाज येतो.

इंजिनाचा आवाज मात्र जवळजवळ तसाच राहिला. हे दुकानात कोणी आधी सांगत नाही. शीट पत्र्याची थरथर मारते, हवेतून येणारा आवाज ती अडवत नाही. त्याला भोकं बुजवावी लागतात. इंजिनाकडून वायरी आत येतात तिथलं एक रबर पडलेलं आणि गिअरच्या दांड्याचा बूट, म्हणजे त्याच्या बुडाचं रबरी आवरण, फाटलेला. हे चाचांनीच दाखवलं. दोन्ही मिळून तीनशेच्या आत बदलून झालं आणि घाटात तिसऱ्या गिअरवर इंजिनाची घरघर कमी झाली ती त्याने. तुमच्याकडे बजेटच नसेल तर आधी ही रबरं आणि दारांची बिडिंग (कडेची रबरी पट्टी) बघा, शीट नंतर.

एक तक्रार आहे, आणि मोठी आहे. डाव्या दाराचं काम दुकानातल्या पोराने केलं. त्याने दाराच्या तळाची पाणी निघायची भोकंही शीटखाली झाकली. जूनमध्ये माळशेजला पाऊस लागला आणि वळणावर दारातून 'डबक डबक' ऐकू यायला लागलं. काचेवरून आत उतरलेलं पाणी साठत होतं. महिनाभर लक्ष गेलं नसतं तर दार खालून सडलं असतं. फोन केला तर म्हणाले, घेऊन या. ओतूरहून भोसरीला रिकामी गाडी कोण नेणार? मीच पॅड खोलून ब्लेडने भोकं मोकळी केली.

छताला लावून घेतली नव्हती. ती चूक झाली. पावसात आता सगळा ताशा वरच वाजतो. उरलेली शीट ताब्यात घेतली असती तर निदान मधला भाग झाला असता.

आणि बाकीचं शांत झाल्यावर सीटमागचा खुळखुळ ऐकू यायला लागला, तो आधी कधी जाणवलाच नव्हता. दोन फेऱ्या शोधत होतो. जॅकचा दांडा निघाला. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधलाय.