कच्चं तेल कुठे साठवायचं: मिठात की कातळात?

भारताचा राखीव तेलसाठा सध्या विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरच्या कातळातल्या गुहांत आहे, क्षमता ५३.३ लाख टन. पुढच्या साठ्यांसाठी बिकानेरकडच्या मिठाच्या थरांचंही नाव निघतं. अमेरिकेने टेक्सास आणि लुइझियानात हाच मार्ग धरला, म्हणून तिथल्या भानगडी आधी पाहिलेल्या बऱ्या.

मिठाचा मोठा फायदा स्वस्ताईचा. बोअर घ्यायचं, गोडं पाणी सोडायचं, मीठ विरघळवून खारं पाणी उपसायचं. तेल मिठात झिरपत नाही, बारीक भेगा आपोआप मिटतात. पण ज्या गुणामुळे भेगा मिटतात, त्यानेच गुहाही आक्रसते. दाबाखाली मीठ हळूहळू सरकतं, पोकळी लहान होते, बोअरमधली पोलादी नळी (केसिंग) ताणली जाते. दुरुस्तीसाठी दाब उतरवला की हे सरकणं आणखी वाढतं. छताचा किंवा भिंतीचा कपचा निखळून आत लोंबणाऱ्या पाइपवर आदळला, तर पाइप वाकतो, कधी तुटतोही. शिवाय गोड्या पाण्याने तेल वर ढकललं की प्रत्येक वेळी भिंती थोड्या विरघळतात आणि दोन गुहांमधलं मीठ पातळ होतं.

खरा धोका मात्र कडेला असतो. लुइझियानातल्या वीक्स आयलंडला जुन्या मिठाच्या खाणीतच तेल भरलं होतं, सुमारे ७ कोटी पिंपं. १९९२ मध्ये खाणीच्या कडेवर जमिनीत खड्डा दिसला. कडेला ताण येऊन मीठ तडकलं होतं आणि भूजल आत उतरत होतं. खड्ड्याभोवतीची जमीन गोठवून पाणी थोपवलं, तेल दुसरीकडे हलवलं आणि १९९९ मध्ये ठिकाण कायमचं बंद केलं. लुइझियानातल्याच बायू कॉर्नला २०१२ मध्ये एका गुहेमुळे जमीन खचली. ती गुहा तेलसाठ्याची नव्हती, खारं पाणी काढण्यासाठी खोदलेली होती. पण धोका तसाच कडेचा: लवणघुमटाच्या, म्हणजे जमिनीखालून वर उफाळून आलेल्या मिठाच्या प्रचंड घुमटाच्या, कडेला फार जवळ खोदकाम. जुनी खाण आयती मिळते म्हणून वापरायचा मोह मी तरी टाळेन.

कातळाचं गणित वेगळं. तिथे तेल अडवतं ते भूजल. गुहेभोवती पाण्याचा दाब तेलापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे पाणी आत झिरपतं, तेल बाहेर जात नाही. झिरपलेलं पाणी कायम उपसावं लागतं आणि भूजलपातळी घसरू देता येत नाही. सुरुंग लावून खोदायचं म्हणून खर्च जास्त, पण कातळ मिठासारखा सरकत नाही.

बिकानेरला अडचण आणखी एक. तिथलं मीठ घुमटात नाही, थरांत आहे; मध्ये न विरघळणारे पट्टे येतात आणि गुहेचा आकार वेडावाकडा होऊ शकतो. एक घनमीटर पोकळीला सात-आठ घनमीटर पाणी लागतं. अमेरिकेने खारं पाणी मेक्सिकोच्या आखातात सोडलं. वाळवंटात ते कुठे सोडणार? याचं उत्तर मिळेपर्यंत माझं मत कातळाला.