फील्डसेट की रोल-ग्रुप?

वेबपेजवरच्या फॉर्ममध्ये घरचा पत्ता आणि डिलिव्हरीचा पत्ता, दोन्हीकडे ‘पिनकोड’ असतो. डोळ्यांना वरचं शीर्षक दिसतं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला मात्र टॅब दाबत गेल्यावर नुसतं ‘पिनकोड’ ऐकू येतं. कुठला, ते कळत नाही. म्हणून गटाला नाव हवं.

एक मार्ग एचटीएमएलचाच: फील्डसेट (फील्डचा गट बांधणारा टॅग), आणि त्यात पहिलंच अपत्य म्हणून लेजंड (त्या गटाचं शीर्षक). गटात शिरताना एनव्हीडीए किंवा जॉजसारखा स्क्रीन रीडर लेजंड वाचतो. शिवाय फील्डसेटला ‘डिसेबल्ड’ हा गुणधर्म लावला की आतली सगळी फील्ड एकदम बंद होतात. हे फुकटचं काम सोडायचं कशाला? लेजंड मात्र छोटं ठेवा. ब्राउझर आणि स्क्रीन रीडरच्या काही जोड्यांमध्ये ते प्रत्येक रेडिओ बटणाबरोबर पुन्हा ऐकावं लागतं.

दुसरा मार्ग: डिव्ह या साध्या टॅगला ‘ग्रुप’ रोल (हा गट आहे, हे स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) आणि एरिया-लेबल्डबाय (aria-labelledby) या गुणधर्माने शीर्षकाचा आयडी. ऐकायला परिणाम जवळपास तोच, पण आयडी चुकला तर गट मुकाट्याने निनावी होतो, आणि पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही.

लेजंडची मांडणी सीएसएसला (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेला) पूर्वीपासून हट्टी, हे खरं. तरी नवीन फॉर्मला मी फील्डसेटच घेईन. जुन्या मार्कअपमधले टॅग बदलता येत नसतील, तर रोल लावा.