अप्पा बळवंत चौकातील जुनी पुस्तके आणि विद्यापीठाच्या आवारातील उणीव

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला अभियांत्रिकीच्या एखाद्या पुस्तकाचे नाव सांगितले की तो आधी किंमत सांगत नाही, लेखकाचे नावही विचारत नाही, ‘कुठला पॅटर्न?’ एवढेच विचारतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असा दर काही वर्षांनी बदलत आला आहे. कोणत्या विषयाचे मागच्या पॅटर्नचे पुस्तक अजून चालते आणि कोणते आता रद्दीत गेले, हे या दुकानदारांना पाठ असते. विद्यापीठाच्या आवारातच विद्यार्थ्यांसाठी जुन्या पुस्तकांचे दुकान हवे, अशी चर्चा वसतिगृहात दर वर्षी होते. त्या चर्चेत पडण्यापूर्वी, ज्या बाजाराला ते दुकान पर्याय ठरणार, त्या बाजाराचे नीट परीक्षण व्हावे म्हणून हे लिहीत आहे. अभियांत्रिकीची चार वर्षे मी या चौकाची नियमित गिऱ्हाईक होते आणि त्यानंतर विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात समाजशास्त्रात एम.ए. करताना दोन वर्षे तिथून बहुधा रिकाम्या हाताने परतले, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

पेशवाईतील सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक बाजीराव रस्त्यावर आहे आणि शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नसंचांपर्यंत सर्व काही तिथे मिळते. जुनी पुस्तके मोठ्या दुकानांपेक्षा लहान गाळ्यांत आणि रस्त्याकडेच्या मांडण्यांवर अधिक असतात. इथल्या व्यवहारातली पहिली खुबी नव्या विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही: नवे पुस्तकही या चौकात छापील किमतीला कोणी विकत नाही. मी शिकत होते तेव्हा चारशे रुपये छापील किमतीचे, ज्याला विद्यार्थी ‘लोकल ऑथर’ म्हणतात असे, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम स्थानिक लेखकाने लिहिलेले पुस्तक नवे साधारण सव्वातीनशेला आणि जुने दोनशेला मिळे. म्हणजे ‘निम्म्या किमतीत’ या शब्दांनी वाटते तेवढा फायदा प्रत्यक्षात नसतो. खरा फायदा सत्र संपल्यावर कळतो, कारण तेच पुस्तक धड अवस्थेत नेऊन दिले तर दुकानदार शंभर-सव्वाशे रुपये परत देत असे, आणि मग एका विषयाचा सत्रभराचा खर्च शंभराच्या आत-बाहेर बसे. परत घेण्याची बोली पुस्तक घेतानाच करून ठेवावी लागते आणि ती ज्याच्याशी केली त्याच्याकडेच पुस्तक परत न्यावे लागते, हे मी पहिल्या सत्रात शंभर रुपये घालवून शिकले.

दोष सांगायचे तर, पुस्तक उघडून पाहण्याची उसंत देणारे दुकानदार थोडे आणि ‘इनसेम’च्या, म्हणजे सत्रामधल्या परीक्षेच्या, आदल्या आठवड्यात तर कोणीच नाहीत. मला एका गाळ्यावर मागच्या आवृत्तीचे पुस्तक नव्या मुखपृष्ठात बांधून दिले गेले होते. घरी येऊन अनुक्रमणिका पाहिल्यावर दोन प्रकरणे नसल्याचे लक्षात आले आणि ते बदलून मिळाले नाही. आधीच्या मालकाने पिवळ्या शाईने अर्धे पुस्तक रंगवलेले असते, ते मात्र मी दोषात धरत नाही. हुशार सीनिअरने खुणा केलेले पुस्तक मिळाले तर ते कोऱ्या पुस्तकापेक्षा बरे. एकूण, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत एकच अभ्यासक्रम चालत असल्याने हजारो विद्यार्थ्यांना एका वर्षी तेच पुस्तक लागते, आणि त्या मागणीवर हा बाजार उत्तम चालतो. अभियांत्रिकी आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मी हा चौक निःसंकोच सुचवेन. स्पर्धा परीक्षावाल्यांनी मात्र जपून जावे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, पण बहुपर्यायी प्रश्नांचे जुने संच अजूनही चांगल्या वेष्टनात समोर येतात.

एम.ए.ला आल्यावर हाच बाजार अनोळखी वाटू लागला. विद्यापीठातून मनपापर्यंत बस, तिथून नवा पूल ओलांडून शनिवारवाड्यावरून चालत जावे, विभागातून मिळालेली संदर्भग्रंथांची यादी दाखवावी, आणि दुकानदाराने ती वाचून ‘हे चालत नाही’ म्हणत परत द्यावी, असे चार वेळा झाले. त्याचे चुकत नव्हते. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा मानवशास्त्राच्या एका वर्गात जेमतेम काही डझन विद्यार्थी असतात आणि त्यातही वैकल्पिक विषय निरनिराळे असतात. वर्षाला तीन गिऱ्हाइके येतील अशा पुस्तकासाठी कोणी गाळ्यातली जागा अडवणार नाही. मराठीतून परीक्षा लिहिणाऱ्यांची अडचण त्याहून मोठी आहे. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी-पदव्युत्तर अभ्यासासाठी जी मराठी पुस्तके काढली, त्यांतली कितीतरी आता नवी मिळतच नाहीत. त्यामुळे तिथे जुने पुस्तक हा स्वस्त पर्याय नसून एकमेव पर्याय असतो. अशी पुस्तके मला मिळाली ती मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी, मिक्सरचे सुटे भाग आणि पितळी कुलपे यांच्या शेजारी. तिथे विकणाऱ्याला पुस्तकाचे मोल माहीत नसते, त्यामुळे तो एकाच पुस्तकाला एकदा वीस रुपये आणि एकदा तीनशे सांगतो.

ही पुस्तके तिथे येतात तरी कुठून? काही निवृत्त प्राध्यापकांच्या घरून येतात. घर लहान होते, मुले परगावी असतात, ग्रंथालये देणगीची पुस्तके जागेअभावी घेत नाहीत, आणि मग चाळीस वर्षांचा संग्रह रद्दीवाल्याच्या काट्यावर किलोने जातो. काही विद्यार्थ्यांकडून येतात. मे महिन्याच्या अखेरीस वसतिगृहे रिकामी होतात, तेव्हा नंदुरबारला किंवा नांदेडला जाणारा मुलगा गादी, बादली आणि कपड्यांची पेटी नेतो. पुस्तकांचा गठ्ठा मात्र नेत नाही. तो गठ्ठा रद्दीत जातो आणि दोनच महिन्यांनी, त्याच विभागात प्रवेश घेतलेली मुले त्याच पुस्तकांसाठी शहरभर हिंडतात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म या दोन महिन्यांत आहे.

आवारात जयकर ग्रंथालय असताना दुकान कशाला, असे विचारणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ग्रंथालय मोठे आहे आणि माझे बहुतेक वाचन तिथेच झाले. परंतु परीक्षेच्या तोंडावर साऱ्या वर्गाला एकच प्रत हवी असते, आणि ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने खुणा करत वाचता येत नाही (करणारे करतात, तो भाग वेगळा). मग विद्यार्थी झेरॉक्सकडे वळतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो फेटाळला, अध्यापनासाठी केलेल्या अशा संकलनाला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमाचा आधार आहे असे मानले, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा खरा प्रतिस्पर्धी त्यामुळे अप्पा बळवंत चौक नव्हे, तर चाळीस पानांचे प्रकरण नाश्त्याच्या पैशांत काढून देणारे झेरॉक्सचे यंत्र आणि त्याहून स्वस्त असलेली मोबाइलवरची पीडीएफ हे आहेत. मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ पदपथावर जुनी पाठ्यपुस्तके खपतात, कारण व्हीजेटीआय, रुईया, पोदार अशी महाविद्यालये जवळच आहेत आणि एकाच पुस्तकाला वर्षानुवर्षे मागणी राहते. गणेशखिंडीच्या ४११ एकरांच्या आवारात विभाग पुष्कळ, पण प्रत्येकाची पुस्तके वेगळी आणि प्रती मोजक्या. तिथे बारा महिने भाडे, वीज आणि एका माणसाचा पगार भरून दुकान चालवणारा दोन वर्षांत वह्या, फाइली आणि प्रिंटआउट विकू लागेल, याबद्दल मला फारशी शंका नाही.

म्हणून दुकान हवे का, याला माझे उत्तर असे की विकणारे दुकान नको, विकत घेणारे हवे. मे-जूनमध्ये वसतिगृहांपाशी एक टेबल मांडावे, सोडून जाणाऱ्यांची पुस्तके ठरलेल्या दराने रोख घ्यावीत, विभागवार लावून ठेवावीत आणि प्रवेशाच्या दिवसांत तीच थोड्या अधिक दराने विकावीत. उरलेला काळ त्या खोलीला कुलूप राहिले तरी बिघडत नाही. कोणते पुस्तक घ्यायचे आणि कोणते नाकारायचे हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, ते त्याच विभागाच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळते, आणि विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना चालू असल्याने या कामासाठी वेगळा नोकर शोधण्याचेही कारण नाही. निवृत्त प्राध्यापकांचे संग्रह इथे आले तर उत्तमच. पण त्यासाठी टेम्पो आणि उचलायला चार हात पाठवावे लागतील, नुसत्या आवाहनाने कोणी साठ किलो पुस्तके जिन्यावरून उतरवत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून बदलले हे खरे, मात्र बदलतात ते श्रेयांक आणि प्रश्नपत्रिका. संदर्भग्रंथांच्या यादीतली बरीच नावे तीच राहतात, आणि ‘पॅटर्न’चा जो धोका अभियांत्रिकीच्या पुस्तकाला आहे तो इथे पुष्कळ कमी आहे.

सध्या हे काम ओळखीवर चालते. ज्याच्या गावचा कोणी सीनिअर विभागात आहे त्याला पुस्तके आपोआप मिळतात आणि घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्याला ती विकत घ्यावी लागतात किंवा त्यांच्याशिवाय भागवावे लागते. एम.ए. संपल्यावर मी दोन खोकी घेऊन अप्पा बळवंत चौकात गेले. माळ्यावर राहिलेली अभियांत्रिकीची सात पुस्तके त्या वेळी चालू असलेल्या पॅटर्नची निघाली, ती दुकानदाराने लगेच घेतली आणि समाजशास्त्राचे खोके न उघडता परत दिले. ते मी रिक्षाने विभागात आणून पहिल्या वर्षाच्या एका मुलीला दिले. आठवड्याने तिने त्यातली चार पुस्तके परत आणली, कारण तिच्याच तालुक्यातल्या सीनिअरने ती तिला आधीच दिली होती, आणि तिच्या वर्गात ती आणखी कोणाला हवी आहेत का, हे तिलाही सांगता येईना.