ओआरआर: मोटरवेचा हिशेब चोख, विजेच्या तारांचा अर्धवट

ब्रिटनमधली ऑफिस ऑफ रेल अँड रोड ही देखरेख संस्था, म्हणजेच ओआरआर, दोघांवर नजर ठेवते. रूळ, सिग्नल आणि तारा सांभाळणारी नेटवर्क रेल तिच्याकडे आधीपासूनच होती. इंग्लंडचे मोटरवे आणि मुख्य ए-रस्ते सांभाळणारी कंपनी (आजची नॅशनल हायवेज) एप्रिल २०१५ पासून तिच्या कक्षेत आली. कर भरणाऱ्याला या सेवेचा उपयोग किती? रस्त्यांच्या कामाला आम्ही पाचपैकी साडेतीन गुण देऊ, रेल्वे विद्युतीकरणाच्या खर्चावरच्या देखरेखीला दोन.

रस्त्यांची पद्धत सरळ आहे. सरकार पाच वर्षांची कामं आणि पैसा ठरवतं, कंपनी कामं करते, ओआरआर मोजते आणि दर उन्हाळ्यात अहवाल काढते. लक्ष्यं आकड्यांत असल्यामुळे पळवाटा कमी राहतात. २०१५-२० या काळात रस्त्याच्या पृष्ठभागापैकी ९५ टक्के भाग ‘पुढील तपासणीची गरज नाही’ या वर्गात हवा होता. मोटरवेवर लेन अडवणाऱ्या घटनांपैकी ८५ टक्के तासाभरात निस्तरायच्या होत्या. पृष्ठभागाचं लक्ष्य पुढच्या टप्प्यात, मोजणीची रीत बदलून, ९६.२ टक्क्यांवर गेलं.

या टक्केवारीमागची मोजणी पक्की आहे. लेसर बसवलेली गाडी वाहतुकीच्या वेगानेच जाते आणि चाकोऱ्यांची खोली, पृष्ठभागाचा खरखरीतपणा टिपते. पकड मोजायला पाण्याची टाकी असलेलं वेगळं वाहन लागतं. ते रस्ता ओला करत जातं. त्याचं गुळगुळीत टायरचं एक चाक प्रवासाच्या दिशेशी २० अंशांत तिरकं लावलेलं असतं. त्या चाकावर बाजूने जितका जोर येतो, तितकी रस्त्याची पकड. वरची खडी चाकांखाली घासून गुळगुळीत झाली की हा जोर उतरतो, आणि असा रस्ता डोळ्यांना अगदी छान दिसतो. म्हणून नुसत्या पाहणीवर विसंबणं धोक्याचं असतं.

मात्र हा आकडा सरासरीचा आणि फक्त पृष्ठभागाचा आहे, हे विसरू नये. पुलांची बेअरिंग, कठडे, गटारं त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी अहवालाची वेगळी पानं पाहावी लागतात. वरचा पातळ थर बदलला की टक्केवारी सुधारते, खालचा थकलेला थर तसाच राहतो.

तरीही संस्था भीड ठेवत नाही, हे तिचं बळ. भर लेनमध्ये थांबलेली गाडी रडारने ओळखणारी यंत्रणा कंपनीने स्वतःच ठरवलेल्या निकषांना पुरी उतरत नाही, असं तिने डिसेंबर २०२२ मध्ये उघडपणे लिहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने कंपनीच्या कामगिरीची रीतसर चौकशीही सुरू केली. दंडाचं हत्यार मात्र बोथट आहे. जुलै २०१४ मध्ये गाड्यांच्या वक्तशीरपणावरून नेटवर्क रेलला ५.३१ कोटी पौंडांचा दंड झाला, पण सार्वजनिक कंपनीचा दंड शेवटी जनतेच्याच पैशातून जातो.

आता विद्युतीकरण. इथे घोळ मोजणीत नव्हता. तो किंमत कधी ठरवली, यात होता. २०१४-१९ या टप्प्यासाठी अनेक कामं आराखडा कच्चा असतानाच मंजूर झाली. त्यांचा खर्च नंतर, आराखडा पुढे गेल्यावर, ओआरआरने तपासून ठरवायचा अशी खास तरतूद केली गेली. कल्पना वाईट नव्हती. पण तोवर तारखा जाहीर झाल्या होत्या आणि लंडनहून वेल्सकडे जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्न मार्गाच्या नव्या गाड्यांचा करार तर २०१२ मध्येच झाला होता. अशा वेळी ‘हे एवढ्या पैशात होणार नाही’ हे सांगायला ओआरआरला उशीर झाला. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने नोव्हेंबर २०१६ मध्ये हिशेब मांडला: मेडनहेड ते कार्डिफ विद्युतीकरण २.८ अब्ज पौंड, २०१४ च्या अंदाजापेक्षा १.२ अब्जांनी जास्त. संसदेच्या लोकलेखा समितीनेही ठरलेली कामं ठरलेल्या पैशात आणि वेळेत होणं शक्यच नव्हतं, तरी नियामकासह सगळ्यांनी मान डोलावली, असा ठपका ठेवला. जुलै २०१७ मध्ये कार्डिफ ते स्वान्सी तारा रद्द झाल्या.

खर्च का फुगतो, हे याच मार्गावरच्या स्टीव्हनटन गावच्या पुलाखाली दिसतं. पूल वारसा यादीतला, पाडायला परवानगी मिळाली नाही, म्हणून तार खाली आणावी लागली. जवळच लेव्हल क्रॉसिंग, तिथे वाहनांसाठी तार उंच हवी. म्हणजे थोड्या अंतरात तारेला चढ. जुना ठोकताळा असा की ताशी मैलांतल्या वेगाला पाचने गुणायचं. १२५ मैलांच्या वेगाला चढ ६२५ मीटरांत एक मीटर, त्याहून तीव्र नको. तीव्र झाला तर गाडीवरचा पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा दांडा, तारेला नीट टेकून राहत नाही, ठिणग्या उडतात. म्हणून तिथे सुरुवातीला ताशी ६० मैलांची मर्यादा घालावी लागली. असे पूल एकेक करून मोजल्याशिवाय मार्गाची किंमत सांगताच येत नाही. शिवाय जमिनीखालच्या केबलांच्या नोंदी अपुऱ्या असल्या की पायाचा प्रत्येक खांब ठोकण्याआधी हाताने खड्डा घेऊन पाहावं लागतं, आणि रात्रीच्या चार-पाच तासांच्या ब्लॉकमध्ये कामाचा वेग घटतो.

२०१८ नंतर सरकारने नवी कामं पाच वर्षांच्या ठरावातून बाहेर काढली आणि टप्प्याटप्प्याने मंजुरी द्यायला लागलं. आराखडा पिकल्यावरच पैसा, हा बदल आम्हाला मनापासून पटतो. पण आता देखभाल आणि नूतनीकरणाची किंमत ओआरआर ठरवते, विद्युतीकरणाची नाही. कोणतं काम कुठल्या टप्प्यावर आहे याची सरकारी यादी दरवर्षी यायची होती. ऑक्टोबर २०१९ नंतर ती वर्षानुवर्षे आलीच नाही. यादीच नसेल तर देखरेख कशावर करायची?

ओआरआरच्या सांख्यिकी पोर्टलवर विद्युतीकृत मार्गाचे आकडे दरवर्षी फुकट मिळतात. त्यांची खर्चाशी सांगड घालताना आधी एकक पाहा. मार्गाचा एक किलोमीटर दुहेरी असला तर रुळाचे दोन होतात, आणि प्रति किलोमीटर दर लगेच निम्मा दिसतो. रेल्वे उद्योगाच्या संघटनेने २०१९ मध्ये साडेसात ते दहा लाख पौंड हा साध्य दर सांगितला, तो एकेरी रुळाच्या किलोमीटरचा. मग पाहा, दर कोणत्या वर्षाच्या किमतीत आहे. आणि शेवटी, त्यात वीजपुरवठ्याची उपकेंद्रं, पूल उचलणं आणि २५ हजार व्होल्टच्या परिणामापासून सिग्नल वाचवण्याचं काम धरलंय की फक्त खांब आणि तारा, हे विचारा. दोन मार्गांची तुलना करताना हे तिसरं कलम दोन्हीकडे सारखं नसेल, तर ते आकडे शेजारी ठेवू नका.