भिवापुरी म्हणून घेतलेलं बी

माझं माहेर उमरेडकडचं. भिवापूर तिथून जवळच, त्यामुळे भौगोलिक मानांकन मिळालेली ती लालभडक मिरची आमच्या रोजच्या तिखटात असायची. आई 78 वर्षांची, आता नागपुरात माझ्याकडे असते. तिच्यासाठी गच्चीवर ती मिरची लावायची, एवढंच मनात होतं.

मे महिन्यात धरमपेठेत रस्त्याच्या कडेला टेबल मांडून एक जण ‘अस्सल गावरान, सेंद्रिय’ बियाणं विकत होता. 12 पाकिटं 600 रुपये. भिवापुरी मिरची, भेदरं म्हणजे टोमॅटो, वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, दोडके. पाकिटावर सुंदर फोटो, बोलणंही गोड. मी पैसे दिले आणि बिल मागितलं नाही.

मृगात पेरलं. सांबार आणि भेंडी तेवढी आली. भेदऱ्याच्या 40 बियांतून 3 रोपं. मिरचीची 9 रोपं जगली, ती मी पोरासारखी जपली. फळं लागली तेव्हा कळलं: काहींच्या मिरच्या आभाळाकडे तोंड करून, काहींच्या लांब लोंबणाऱ्या, एकीची चक्क बुटकी नि गोल. आईनं एक मिरची हातात घेतली, पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली.

कृषी महाविद्यालयात शिकलेल्या भाच्याला पाकिटं दाखवली. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘मावशी, लॉट नंबर कुठे आहे?’’ लॉट नंबर, म्हणजे बियाणं कोणत्या खेपेतलं ते सांगणारा आकडा, नव्हता. चाचणीची तारीख नाही, उगवणीची टक्केवारी नाही, वापरायची मुदत नाही. त्याच्या मते मिरचीचं बी संकरित वाणाच्या फळातून काढलेलं असावं. अशा बियांची पुढची पिढी एकसारखी निघत नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त राग आला तो भेदऱ्याच्या गुलाबी बियांचा. बियांना असा रंग साधारणपणे बुरशीनाशक लावलं की देतात, म्हणजे ते खाऊ नये हे ओळखू यावं. तसं औषध लावलं असेल तर पाकिटावर लिहावंच लागतं. इथे वर ‘सेंद्रिय’ छापलेलं, आणि ते बी माझ्या नातीनं उघड्या हातानं पेरलं.

बियाणं विकायला 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो, गिऱ्हाइकाला बिल द्यावं लागतं. म्हणून आधी बिल मागा, विकणारा कुरकुरला तर तिथूनच परत फिरा. पाकीट आणि चिमूटभर बी जपून ठेवा. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करताना हाती काहीतरी राहतं. माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि त्या जागी पुन्हा गेले तर टेबलही नव्हतं.

पेरण्याआधी 20 बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, डब्यात ठेवा. फडकं सुकू देऊ नका. भेदऱ्याला आठवडा, मिरचीला दोन आठवडे द्या. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण मिरचीत 60 टक्के, टोमॅटोत 70 टक्के धरतात. म्हणजे मिरचीच्या 20 पैकी 12 तरी फुटायला हव्यात.

दिवाळीत माहेरच्या शेजारणीनं वाळलेल्या मिरच्या पाठवल्या, त्यांच्याच वावरातल्या. आईनं स्वतः बी काढलं, फडक्यात बांधलं. काल उघडून मोजलं, 20 पैकी 16.