तालुक्याच्या कॉलेजातला यूएक्स डिझाइनचा कोर्स : लॅबला दोन स्टार, फिल्डवर्कला पाच

कॉलेजचं नाव टाकत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं साधं कॉलेज आहे, तिथं बीसीएच्या शेवटच्या वर्षाला यूएक्स (युजर एक्स्पीरियन्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव) डिझाइन स्पेशलायझेशन म्हणून घेता येतं, मी ते घेतलं, पास झाले आणि सध्या पुण्यात एका छोट्या कंपनीत ज्युनिअर डिझायनर म्हणून काम करून राहिले. गावाकडची बारावी झालेली पोट्टी मेसेज करून विचारतात की ताई हे घेऊ का, का नागपूरच्या क्लासले पैसे भरू, म्हणून सगळं एकाच जागी लिहून टाकते.

पहिले हे की हा विषय म्हणजे ॲपच्या स्क्रीनला छान रंग देणं नाही. ॲडमिशनच्या वेळी वर्गात बहुतेकांना तसंच वाटत होतं, कॉलेजच्या पत्रकावरही रंगीत मोबाईलचेच फोटो आहेत. डॉन नॉर्मन नावाचे डिझाइनचे अभ्यासक १९९३ साली ॲपल कंपनीत गेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या पदाच्या नावात युजर एक्स्पीरियन्स हे शब्द घेतले ते याचसाठी, की वस्तू हातात येण्यापासून ती बिघडल्यावर माणूस काय करतो इथपर्यंत सगळंच त्यात यावं. आमच्या सरांनी पहिल्याच तासाला किराणा दुकानातल्या त्या बोलणाऱ्या डब्याचं उदाहरण दिलं होतं, पैसे आले की जोरात सांगतो तो. दुकानदार काकाचे हात तेलाचे, समोर चार गिऱ्हाइकं, फोन काढून मेसेज वाचायला वेळ नाही, आणि डबा बोलला की काकालेही समजते आणि पैसे देणाऱ्यालेही समजते, भांडणच मिटलं. वस्तू वापरायला सोपी कशी करायची याचे तज्ज्ञ याकोब नील्सन, त्यांचे १९९४ चे दहा नियम आहेत ना, त्यातला पहिला हाच आहे, आत काय चाललंय ते माणसाला वेळेत कळलं पाहिजे. परीक्षेत तो नियम पाच मार्काला येतो पण मला तो कायमचा समजला तो त्या डब्यामुळे.

आता लॅब. खरं सांगते, कमजोर आहे. कॉम्प्युटर जुने, फिग्मा (स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर) ब्राउझरमध्ये चालतं त्यामुळे नेट गेलं की काम थांबलं, आणि आमच्याकडं नेट आणि लाईट दोन्ही कधी जातील याचा भरवसा नाही. मोठी फाइल उघडली की मशीन अडकायची, मग एका मशीनवर तिघी-चौघी बसायचो. फिग्मा विद्यार्थ्यांसाठी फुकट मिळतं हे चांगलं आहे, पण त्यासाठी कॉलेजकडून जे कागद-ईमेल लागतात ते द्यायला ऑफिसने फार वेळ लावला, यावर कॉलेजने खरंच लक्ष द्यायला पाहिजे. ज्यांच्याकडं स्वतःचा लॅपटॉप नव्हता त्यांचं नुकसान झालं, हे मी कॉलेजच्या फीडबॅक फॉर्मातही लिहिलं होतं आणि इथंही लिहून राहिले. लॅबला दोन स्टार, तेही लॅब असिस्टंट दादा संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायचे म्हणून.

पण फिल्डवर्क! त्यासाठी हा कोर्स मी कोणालाही घे म्हणून सांगेन.

दुसऱ्या सेमिस्टरला गटाने एक प्रोजेक्ट करावा लागतो आणि सरांची अट अशी की विषय आपल्या गावातला पाहिजे आणि पहिल्या भेटीत कोणाला काहीच विचारायचं नाही, नुसतं बघायचं, वहीत लिहायचं. आमच्या गटाने कापूस वेचणीचा हिशोब घेतला, गटातल्या एकीच्या मामाच्या वावरात गेलो. तिथं काय होते तर संध्याकाळी बाया आपापलं गाठोडं घेऊन धुऱ्यावर येतात, काट्यावर वजन होते, मामी आकडा मोठ्याने वाचते आणि वहीत लिहिते, ज्या बाईचं गाठोडं आहे ती तो आकडा परत म्हणते, रांगेतल्या दोघी-तिघी ऐकतात. किलोवर मजुरी, आणि पैसे बाजाराच्या दिवशी. एक मावशी तर घरी जाऊन रोजचा आकडा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवते. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो पण त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की आकडा मोठ्याने म्हणणं हीच तिथली पावती आहे, सगळ्यांच्या कानासमोर झालेलं वजन नंतर कोणी बदलू शकत नाही.

मग आम्ही कागदावर स्क्रीन काढल्या, नाव निवडा, वजन टाका, सेव्ह करा, अशा. (कागदाचा प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, ही या कोर्समधली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट, त्याला ना लाईट लागते ना नेट, आणि कागदावर काढलेलं असलं की समोरचा माणूस न लाजता चुका दाखवतो, तयार झालेलं चकाचक ॲप दाखवलं की "छान हाय" म्हणून मोकळा होतो.) मामीच्या हातात तो कागद दिला तर ती म्हणे, "अवं पोट्टे हो, एक हात काट्याले, एक हात वहीले, मंग फोन कोनत्या हातात धरू?" सरांना सांगितलं तर सर म्हणाले, मग वहीत वाईट काय आहे ते शोधा, वाईट नसेल तर वही राहू द्या. आम्ही परत गेलो, परत बघितलं, आणि वहीत वाईट एवढंच निघालं की बाजाराच्या आदल्या रात्री मामी एकटी बसून सगळ्यांची बेरीज करते आणि तिथं गोंधळ होतो. तर आमचं शेवटचं डिझाइन असं झालं की वावरात वहीच, फोन नाही. रात्री घरी आकडे फोनमध्ये टाकायचे, टाकलेला आकडा फोन मराठीत बोलून दाखवतो, आणि पैसे वाटताना प्रत्येक बाईचा फोटो, तिची बेरीज मोठ्या अक्षरात आणि सोबत आवाजात, म्हणजे तिला वाचता येत नसलं तरी सगळ्यांसमोर ऐकू येते.

टेस्टिंग पाच जणींवर केली. पाचच का तर नील्सनचंच म्हणणं आहे की पाच माणसांत बहुतेक अडचणी दिसून जातात, नंतर त्याच त्याच परत दिसतात, आणि आमच्या बाबतीत तरी तसंच झालं, तिघी एकाच जागी अडकल्या कारण कीबोर्ड उघडला की सेव्हचं बटण त्याच्या मागं झाकून जायचं. दुसरं बोटांचं. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बायांची बोटं फाटलेली असतात, लहान बटण दाबलं जात नाही, शेजारचंच दाबलं जाते. पुस्तकात पॉल फिट्सचा १९५४ चा नियम आहे, बटण जितकं लहान आणि जितकं दूर तितका वेळ जास्त. आणि अँड्रॉइडच्या मार्गदर्शिकेत दाबायच्या जागेसाठी कमीत कमी ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप) सांगितलेलं आहे, आम्ही त्याहून बरंच मोठं केलं. तसंच रंगाचं, अक्षर आणि मागचा रंग यात ४.५ ला १ एवढा फरक पाहिजे हे डब्ल्यूसीएजीमध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या नियमांत) आहे, पण मार्च महिन्यातल्या उन्हात धुऱ्यावर उभं राहून स्क्रीन बघितली की समजते की आमच्याकडं तेवढंही पुरत नाही.

देवनागरीवर एक अख्खं युनिट आहे हे मला फार आवडलं, कारण ऑनलाइन कोर्सेसमध्ये हे कुठंच सापडलं नाही. इंग्रजीचं बटण जसंच्या तसं घेऊन त्यात मराठी टाकलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते, आणि मराठी मजकूर बऱ्याचदा लांब होतो म्हणून बटण फुटते. ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट फुकट आहे आणि लहान आकारातही नीट वाचता येतो, आम्ही तोच वापरला. विंडोजमधला मंगल फॉन्ट आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी केलेला आहे हेही याच युनिटमध्ये कळलं, आणि खरं सांगते मराठी अक्षरांवर इतकं काम झालेलं आहे हे ऐकून फार बरं वाटलं.

नोकरीचं बोलायचं तर प्लेसमेंट सेलकडून काही झालं नाही. कॅम्पसला डिझाइनची एकही कंपनी आली नाही, जे आलं ते डेटा एन्ट्रीचं. पोर्टफोलिओसाठी (आपल्या कामाचे नमुने) टाइमटेबलमध्ये फार थोडे तास आहेत आणि तेही अगदी शेवटी, जेव्हा सगळे परीक्षेच्या मागं असतात. कंपन्या डिग्रीच्या आधी पोर्टफोलिओ बघतात, त्यात दोन-तीन केस स्टडी (एखादं काम कसं आणि का केलं त्याची मांडणी) नीट इंग्रजीत लिहिलेल्या लागतात, आणि आमच्यातल्या कितीतरी पोट्ट्यांचं काम चांगलं असून ते लिहिताच आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटते. मी वेचणीचीच केस स्टडी लावली होती. इंटरव्ह्यूमध्ये स्क्रीनवर फारसं कोणी विचारलं नाही, वही का ठेवली यावरच बराच वेळ बोलणं झालं, मी मामीचं वाक्य तसंच्या तसं सांगितलं. म्हणून मी म्हणते की आपल्याकडच्या पोट्ट्यांनी गावातला प्रोजेक्ट लपवू नये, पुण्या-बंगलोरच्या पोरांना फूड डिलिव्हरीचं ॲप परत परत काढावं लागते, तुमच्याकडं वावर आहे, बाजार समिती आहे, दूध डेअरी आहे, रेशन दुकान आहे, आणि तिथली माणसं तुम्हाला ओळखतात, बसा म्हणतात.

मोठ्या कॉलेजचा पर्याय पण सांगून ठेवते. बी.डेस. (डिझाइनची पदवी) चार वर्षांचं असते, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात किंवा जबलपूरच्या ट्रिपल आयटीत जायचं तर यूसीईईडी नावाची परीक्षा आहे, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही देता येते, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची वेगळी आहे. जबलपूर आपल्याला मुंबईपेक्षा जवळ पडते हे खूप जणांना माहीतच नाही. ज्याची तयारी आणि घरची परिस्थिती आहे त्याने तिकडं नक्की प्रयत्न करावा, तिथं जे वातावरण मिळते ते तालुक्याला मिळणार नाही. आणि जे जाऊ शकत नाही त्यांनी आयडीसीचीच डीसोर्स नावाची वेबसाइट बघावी, फुकट आहे, मी लॅब बंद असली की तिथंच वाचत बसायची. नुसतं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या क्लासला मात्र मोठी फी भरू नका, फिग्माची बटणं यूट्यूबवर बघून येतात.

आमच्या कॉलेजात घ्यायचं असेल तर ॲडमिशनच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. फिल्डवर्क घेणारे सर यावर्षी आहेत की नाही, कारण ते तासिका तत्त्वावर आहेत आणि ते नसले तर हा कोर्स मी सांगितला तसा राहणार नाही. आणि लॅबच्या नवीन मशीनचं काय झालं, मागच्या वर्षी येणार येणार म्हणत होते. लॅपटॉप घेता येत असेल तर जुना का होईना, ८ जीबी रॅमचा घ्या, पहिल्या सेमिस्टरलाच घ्या. कोणाला माझी केस स्टडी बघायची असेल तर मेसेज करा, पाठवते, मामींनी हो म्हटलं आहे.